बोट बंद आहे

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आजपासून नवी नेमणूक. आमच्या गल्लीच्या टोकाला मानसिक आरोग्य केंद्र आहे, तिथे दर गुरुवारी दहा वाजता एक ग्रुप बसतो. घाबरट लोकांचा. आमच्या घरच्या डॉक्टरांनी बंद पाकीट देऊन मला तिकडे पाठवलं. म्हणाले, ओंदिनाबाई, त्या ग्रुपची आणि तुमची गाठ पडायलाच हवी. पाकीट मी उघडलं नाही. नन्सच्या शाळेत वाढले आहे, दुसऱ्याचं पत्र वाचत नाही. शिफारसपत्रच असणार. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत उपमुख्याध्यापिका होते. भेकड मुली सरळ करण्यात माझा हात धरणारं या त्रिएस्ते शहरात कोणी नव्हतं.

घरापासून एकशे दहा पावलं. मोजली, सहज.

केंद्राच्या दाराला कुलूप नाही. पन्नास वर्षांपूर्वी या शहराने वेड्यांच्या इस्पितळाची दारं उघडली, तेव्हापासून कुठलंच दार लावायचं नाही अशी यांनी शपथच घेतलेली. पांढरा कोट कोणी घालत नाही. डॉक्टर कोण, पेशंट कोण, कळायला मार्ग नाही. लोंबत्या स्वेटरातला एक पोक काढलेला माणूस कॉफी करत होता. त्याला म्हटलं, पाठ ताठ ठेवा, अर्धी भीती तिथेच पळते. तो म्हणाला, आभारी आहे. तोच डॉक्टर निघाला. डॉ. ग्रुदेन. आणि ज्यांना डॉक्टर समजून मी गुडघा दाखवला, ते सिन्योर स्तेलिओ. जन्मभर गोदीत क्रेन चालवली, आता लिफ्टला घाबरतात. गुडघा मात्र त्यांनी नीट तपासला.

इथे सगळ्यांनी एकमेकांना ‘तू’ म्हणायचं, असा नियम आहे. मी पाळणार नाही. ‘तू’ देवाला, बहिणीला आणि मांजराला.

वहीत हजेरीचा रकाना आखला. उपस्थित: सहा. डॉक्टर आणि मी त्यात धरलेलो नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

निवेसला फोन. माझी थोरली बहीण, एक्याऐंशी वर्षांची. खाडीपलीकडे मुज्जाच्या वृद्धाश्रमात असते. स्मरणशक्ती अधूनमधून दगा देते. नर्सचं नाव विसरते, मला टोमणे मारायला विसरत नाही. आजही विचारलं, बोट सुरू झाली का गं? मी म्हटलं, नाही, अजून बंदच आहे, दुरुस्ती चालू आहे. ती म्हणाली, मग माझ्या खिडकीखाली रोज येऊन लागते ती काय कपडे धुवायचं घंगाळ आहे? मी म्हटलं, ती दुसरी. सामानाची.

चौदा महिने हेच सांगते आहे. याला खोटं म्हणत नाहीत. सविस्तर बोलायला वेळ नसतो, इतकंच.

मग तोरिनोहून भाच्याचा फोन. ३० नोव्हेंबरला, शनिवारी सकाळी, तो आईला गाडीने कायमचं तिकडे नेणार. पाचशे किलोमीटर. म्हणाला, मावशी, त्याआधी एकदा भेटून जा, ती वाट बघते. मी म्हटलं, अरे, एकदा काय, दहादा भेटेन.

बोटीला अर्धा तास लागतो. प्रश्न बोटीचा नाहीच. धक्क्यावर जायला मोठा चौक ओलांडावा लागतो. तीन बाजूंना उंच इमारती आणि चौथी बाजू सताड उघडी, थेट समुद्र. त्या चौकाला एक भिंत कमी आहे. मी नगरपालिकेला पूर्वीच लिहायला हवं होतं.

संकल्प: परवा, मंगळवारी जाणे.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सकाळी ९.०५. निघाले.
९.०९. बेकरी.
९.१२. औषधाचं दुकान.
९.१६. चौकाच्या अलीकडचा कोपरा. छातीत कोणीतरी कबूतर कोंडलं आहे. बोटं गार. फरशा हलतात.
९.२५. घरी. दाराला दोन्ही कड्या.

गुडघा.

गुरुवार, १० ऑक्टोबर

उपस्थित: सहा.

डॉक्टरांची पद्धत कळली. आपण बोलायचं, त्यांनी तेच परत म्हणायचं. फुल्विया नावाची एक न्हावीण आहे. बायकांचे केस कापते आणि उरलेल्या वेळात रडते. ती म्हणाली, मला दुकानात एकटं बसवत नाही. डॉक्टर म्हणाले, तुला एकटं बसवत नाही. मी म्हटलं, याला पगार मिळतो? पोपट स्वस्त पडेल.

स्तेलिओ म्हणाले, बाई, क्रेनवर मी वर बोलायचो ते खालचा माणूस शब्दन् शब्द परत म्हणायचा. त्याने नीट ऐकलं आहे हे कळल्याशिवाय वजन उचलायचं नाही. वरचा मरत नाही हो, खालचा मरतो.

मी पेनाला टोपण लावलं.

मग प्रत्येकाने दहा पायऱ्यांचा जिना काढायचा होता. सगळ्यात खाली सोपी भीती, सगळ्यात वर अवघड. रोज एकेक पायरी चढायची. बाकीच्यांना नमुना असावा म्हणून मीही काढला. पहिली पायरी बेकरी, दहावी बोट. स्तेलिओ डोकावून म्हणाले, बाई, मधल्या आठ पायऱ्या उंदरांनी नेल्या का?

गुरुवार, १७ ऑक्टोबर

उपस्थित: पाच. एकाला ताप. भीतीचाच असणार.

आजची पद्धत: भीतीचा विचार कागदावर लिहायचा. खाली एका बाजूला पुरावा, दुसऱ्या बाजूला विरुद्ध पुरावा. न्यायाधीशासारखं. हे मला पसंत पडलं. उदाहरणादाखल माझा:

विचार: चौकात गेले तर मरेन.
पुरावा: मागच्या वेळी मरत होते.
विरुद्ध पुरावा: मेले नाही.
निकाल: अजून.

डॉक्टरांनी ‘अजून’ या शब्दाखाली रेघ मारली. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत रेघा मारल्या. माझ्या वहीत कोणी मारावी, हे पहिल्यांदाच घडलं.

संकल्प: शनिवारी. नक्की.

शनिवार, १९ ऑक्टोबर

पाऊस. थोडासाच, पण होता.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

उपस्थित: सहा.

निवेसचं आणि रविवारच्या फोनचं मी मागे बोलण्याच्या ओघात सांगून बसले होते. आज डॉक्टरांनी गोलाच्या मध्यभागी एक रिकामी खुर्ची ठेवली. म्हणाले, समजा, तिथे निवेस बसली आहे, तिला काय सांगशील? मी म्हटलं, खुर्ची रिकामी आहे, मला डोळे आहेत. तुम्हाला दिसत असेल कोणी, तर तुम्हीच पेशंटांत बसा. सगळे हसले. फुल्वियासुद्धा.

पण डॉक्टर गप्पच बसून राहिले. या माणसाला गप्प बसण्याची पदवी आहे.

मग खुर्चीकडे बघावं लागलं. लाकडी, एका पायाखाली कागदाची घडी. निवेस डुगडुगत्या खुर्चीत बसत नाही. म्हणते, आयुष्य पुरेसं डुगडुगतं. मी तोंड उघडलं. नेहमीचंच वाक्य, बोट बंद आहे. फोनवर सरळ येतं. खुर्चीसमोर आलं नाही. मी हात पर्सखाली ठेवले.

फुल्विया रडली. ती कशालाही रडते.

शनिवार, २ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. आईबाबांच्या थडग्यावर फुलं न्यायची होती. स्मशान टेकडीवर. बसची दारं बंद होतात. टॅक्सीचीही होतात. शेवंती घरातच फुलदाणीत ठेवली. तीच फुलं, तोच देव.

सिस्टर बेनेदेत्ता आम्हाला वर्गात सांगत, भीती म्हणजे आळसाची धाकटी बहीण. मी आळशी कधीच नव्हते. मग ही कोणाची कोण, कळत नाही.

अठ्ठावीस दिवस राहिले.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

उपस्थित: सहा.

डॉक्टरांना वेड लागलं. पुरावा आज मिळाला. म्हणाले, भीती येऊ नये म्हणून झगडू नकोस. उद्या चौकात जा आणि मुद्दाम घाबर. जमेल तितकं जोरात. ठरवून बेशुद्ध पडून दाखव. मी विचारलं, हे तुम्हाला विद्यापीठात शिकवलं की दारूच्या गुत्त्यात? ते म्हणाले, ही व्हिएन्नाची जुनी पद्धत आहे. इथे व्हिएन्नाच्या बादशहाचं राज्य होतं तेव्हा तिथून काय काय आलं, ते आमच्या आजीला विचारायला हवं होतं.

पण गृहपाठ म्हणजे गृहपाठ. साक्षीदार म्हणून स्तेलिओ येणार.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

सकाळी १०.०२. कोपरा. स्तेलिओ कॉफीचा पेला घेऊन हॉटेलच्या दारात उभे.
१०.०४. चौकात पाऊल. पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंत. खांब धरला. म्हटलं, चल ओंदिना, पड.
१०.०६. नाही पडले. कबूतर होतं, पण सुस्त.
१०.०९. डोळे मिटून प्रयत्न. स्तेलिओ ओरडले, बाई, अजून उभ्याच? मी दुसरी कॉफी मागवतो!
१०.१७. स्वच्छ नापास. तेरा मिनिटं चौकात उभी राहिले आणि साधी चक्करही आली नाही.

पद्धत साफ कुचकामी आहे, असं डॉक्टरांना लेखी कळवणार.

संध्याकाळी मात्र आठवलं, की मी तिथे तेरा मिनिटं उभी होते. मग पाव कापताना सुरी हातातून पडली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

हजेरी घेतली नाही. कारण खाली.

आज नाटक. आपल्या मागे दुसऱ्या कोणी उभं राहायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि आपल्या वतीने बोलायचं. आपल्या तोंडून येत नाही ते. माझ्या मागे फुल्विया. ती म्हणाली, मी ओंदिना. मला मरणाची भीती वाटते. मी दर रविवारी बहिणीशी खोटं बोलते. मी तिला न भेटताच ती जाईल, आणि मी इथे बसून इतरांची हजेरी घेत राहीन.

व्याकरण बरोबर होतं. बाकी सगळं चूक.

मी उठले. म्हटलं, सिन्योरा, तुम्ही केस कापा, दुसऱ्यांच्या जिभा लावून घेऊ नका. दार आपटून निघणार होते. पण ते उघडंच राहावं म्हणून खाली लाकडी पाचर ठोकलेली. दोनदा ओढलं. स्तेलिओ म्हणाले, बाई, थांबा, हातोडी आणतो.

एकशे दहा पावलं. घरी. दोन्ही कड्या.

या लोकांत परत पाऊल टाकणार नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

निवेसचा आवाज आज बारीक. मला दोनदा ‘आई’ म्हणाली, मग सावरली. म्हणाली, बोट सुरू झाली का गं? मी म्हटलं, बंद आहे. ती म्हणाली, असू दे, असू दे. बोटींचं असंच असतं.

तिने टोमणा मारला नाही. त्याची जास्त भीती वाटली.

एकदाच लिहून ठेवते. मागच्या वर्षीचा ऑगस्ट, भर दुपार. निवेसकडे निघाले होते, हातात मिठाईचा डबा. चौकाच्या मधोमध आले आणि चारी बाजूंनी काहीच उरलं नाही. श्वास आत जाईना. वाटलं, आता, इथेच, परक्या पर्यटकांसमोर. गुडघ्यांवर बसले. पर्यटकांपैकी कोणी नाणं टाकलं. भिकारीण समजून. मी ते उचललं नाही, उठताही आलं नाही. घरी कशी आले, माहीत नाही.

गुडघा तेव्हा खरचटला. आठ दिवसांत बरा झाला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

उपस्थित: सहा.

गेले. ग्रुपची घडी माझ्याविना विस्कटेल म्हणून. मी आत आले. फुल्वियाने फक्त आपल्या शेजारची खुर्ची थोडी सरकवली.

मी जाहीर केलं, की पुढच्या गुरुवारी सगळ्यांच्या सरावासाठी आपण मुज्जाची दहा वाजून दहाची बोट पकडायची. नेतृत्व माझं. डॉक्टर म्हणाले, म्हणजे तुझ्याबरोबर आम्ही यावं असं तुला वाटतं. मी म्हटलं, तुमच्याबरोबर मी येते आहे. ते म्हणाले, तू आमच्याबरोबर येते आहेस. पोपट.

स्तेलिओंनी विचारलं, बोटीला लिफ्ट तर नाही ना?

बुधवार, २७ नोव्हेंबर

बेकरीतून प्रेस्नित्स आणलं. अक्रोड, बेदाणे, रम, गोगलगायीसारखी गुंडाळी. निवेसला मधलाच तुकडा लागतो.

रेडिओवर सांगितलं, उद्या बोरा सुटणार. या शहराचा वारा छत्र्या मोडतो, म्हाताऱ्या उडवतो. हार्बरवाल्यांना फोन केला, बोट बंद राहील ना? ते म्हणाले, नाही बाई, हलकीच आहे, बोट जाणार. मी म्हटलं, नीट बघा. ते म्हणाले, बघितलं.

पंधरा महिने बंद होती. एक दिवस खरंच बंद राहिली असती, तर काय बिघडलं असतं?

गुरुवार, २८ नोव्हेंबर

घरी येऊन लिहिते आहे.

९.४०. सगळे कोपऱ्यावर. स्तेलिओंनी गोदीतला दोर आणलेला. पूर्वी बोरात नगरपालिका रस्त्याच्या कडेने दोर बांधायची, माणसांनी धरून चालायला. तसं. पुढचं टोक माझ्या हातात, मागे फुल्विया, मग बाकीचे, शेवटी डॉक्टर, पोक काढलेले. कोणी आम्हाला बघून फोटो काढला. काढू दे.

९.४८. पहिला खांब. मागे गेला.

९.५१. मधोमध. तीच जागा. मला ती फरशी ओळखू येते. कानात वारा, छातीत कबूतर नव्हे, गिधाड. मी थांबले. दोर सैल पडला. मागून कोणी ढकललं नाही, कोणी ‘चला’ म्हटलं नाही. फुल्विया म्हणाली, मलापण भीती वाटते, ओंदिना, पण तू पुढे आहेस म्हणून मागे बरं वाटतं. तिच्या डोक्यावर काही नव्हतं, केस डोळ्यांत जात होते. मी माझा निळा स्कार्फ काढून तिच्या डोक्याला बांधला. निवेसने दिलेला. सिन्योरा, न्हावीण आणि असे केस? म्हटलं.

बांधता बांधता चालू लागले होते.

१०.०३. धक्का. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा.

१०.०८. बोटीची फळी. दोन हात लांब. खाली काळं पाणी, फळी वरखाली. एक पाय ठेवला. बोटीवरचा माणूस म्हणाला, या सिन्योरा, घाई करा. दुसरा पाय आला नाही. सांगितलं, ओरडले, शिव्या दिल्या पायाला. आला नाही.

१०.१०. मी प्रेस्नित्सचा डबा फुल्वियाच्या हातात दिला. म्हटलं, तुम्ही जा. मधला तुकडा तिचा. नेत्याला काठावर थांबावं लागतं.

हे शेवटचं वाक्य मी खरंच बोलले.

बोट गेली. फुल्विया रेलिंगला, निळ्या स्कार्फात, बाकीचे तिच्या मागे. मी धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर बसले. स्तेलिओ शेजारी. बोट वळेपर्यंत त्यांनी दोर गुंडाळला. मग म्हणाले, एका पायाने तर तुम्ही मुज्जाला गेलात.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

निवेसचाच फोन आला. आवाज ठणठणीत. म्हणाली, काल आलीस, बरं वाटलं गं. केवढी जाडी झालीस! आणि रडतेस काय अशी? तू तर कधी रडत नाहीस. मधला तुकडा ठेवलास, शहाणी. बोट सुरू झाली म्हणायची.

मी पंधरा महिने वेगळं उत्तर दिलं होतं. आज म्हटलं, हो. झाली.

फोन ठेवल्यावर संताप संताप. तिने मला ओळखलं, आणि ती मी नव्हते.

संकल्प: उद्या भाच्याची गाडी अकराला निघणार. आठची बोट. एकटी. आता रस्ता माहीत आहे.

शनिवार, ३० नोव्हेंबर

५.००. जाग.
७.२०. निघाले.
७.३१. कोपरा. वारा नाही. ऊन. चौक कोरडा, रिकामा. दोर नाही.
७.३३.
७.४४. घरी. एक कडी.
११.००. घड्याळ बघितलं.

गुरुवार, ५ डिसेंबर

गेले. माझी खुर्ची सरकवूनच ठेवली होती.

फुल्वियाने स्कार्फ परत दिला, धुऊन, इस्त्री करून. मी विचारलं, तू तिला काय सांगितलंस? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या लक्षात आलं, मी ‘तू’ म्हणाले होते.

फुल्विया म्हणाली, मी दोनदा सांगितलं, मी ओंदिना नाही. ती म्हणाली, गप्प बस, लहानपणापासून तुला वाद घालायची खोड. तास दीड तास बोलली, तुमच्या बालपणाचं, शाळेतल्या नन्सचं. मी निघाले तर दारापर्यंत आली, माझा हात धरला आणि म्हणाली, बाई, तुम्ही ती नाही हे मला कळतं, स्कार्फ तेवढा तिचा आहे. तिला सांगू नका मला कळलं म्हणून. लहानपणी विजा चमकल्या की ती माझ्या पांघरुणात शिरायची आणि म्हणायची, तुला भीती वाटत असेल म्हणून आले. मी तिला कधी कळू दिलं नाही.

फुल्विया म्हणाली, सांगू नका म्हणाली होती, पण इथे खोटं बोलायचं नाही, असा नियम आहे ना.

या वेळी ती रडली नाही. तिची पाळी नव्हती.

स्तेलिओंनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं, रुमाल दिला, मग पेन परत दिलं. मी म्हटलं, मला भीती वाटते. डॉक्टरांनी ते परत म्हटलं नाही. बाकीच्यांनी म्हटलं, एकेकाने, स्वतःसाठी.

निघताना डॉक्टरांनी जिन्याचा कागद दिला, मधल्या आठ पायऱ्या रिकाम्या. तोरिनोला निवेसकडे जाणारी आगगाडी कितवी पायरी, ते मलाच लिहायचं आहे. अजून लिहिलं नाही.

वर लिहायचं राहिलं. उपस्थित: सात.